चार पौंडांचा कर्णधार

मंडळाच्या एका बैठकीत ‘खेळ आणि चारित्र्य’ या विषयावर झालेले व्याख्यान अनेकांच्या स्मरणात असेल. व्याख्याते व्यासंगी, वाणी ओघवती. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे की, पूर्वीचे खेळाडू खेळासाठी खेळत, आताचे पैशासाठी खेळतात. आणि खेळाडूंवर बोली लागते तेव्हा क्रीडांगणाचा बैलबाजार झालेला दिसतो. पुराव्यादाखल त्यांनी फुटबॉलच्या माहेरचा, म्हणजे पहिल्या महायुद्धापूर्वीच्या इंग्लंडचा दाखला दिला. आठवड्याला चार पौंडांवर समाधान मानणारे आणि एकाच संघाशी वर्षानुवर्षे इमान राखणारे व्यावसायिक खेळाडू तेथे होते, असे ते म्हणाले. टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत माझ्याही होत्या, हे आधीच कबूल केलेले बरे.

घरी आल्यावर मात्र मन स्वस्थ बसेना. माझी उभी हयात मध्य प्रदेश शासनाच्या श्रम खात्यात गेली. मालक आणि कामगार यांच्या मधल्या खुर्चीत बसून मी जे काही शिकलो, त्यातला पहिला धडा हा की, अमुक माणसे अल्प वेतनावर समाधानी आहेत असे कुणी सांगू लागला, की सांगणारा टेबलाच्या कोणत्या बाजूला बसला आहे ते आधी पाहावे. व्याख्यात्यांची दोन्ही विधाने वस्तुस्थितीला धरून होती. चार पौंड मिळत, हे खरे. खेळाडू एका संघात राहत, हेही खरे. खोटे होते ते ‘समाधान’ आणि ‘इमान’ हे दोन शब्द.

इंग्लंडमध्ये फुटबॉल खेळून पैसे घेणे १८८५ साली नियमसंमत झाले. तोवर ते चोरून चाले. ज्या फुटबॉल असोसिएशनने ही संमती दिली तिचे धुरीण हौशी, सुस्थितीतील गृहस्थ होते आणि पैसे घेऊन खेळणाऱ्याकडे ते ज्या नजरेने पाहत, ती आपल्या जुन्या संस्थानी वातावरणात वाढलेल्यांना मुद्दाम समजावून सांगायला नको. पुढे १९०१-०२ च्या हंगामापासून असोसिएशनने नियम लागू केला की, कोणत्याही व्यावसायिक खेळाडूला आठवड्याला चार पौंडांहून अधिक देता येणार नाही. जिंकल्याबद्दलचे बक्षीसही बंद झाले. याला जोड मिळाली ती राखून ठेवण्याच्या पद्धतीची. हंगाम संपला की प्रत्येक क्लब आपल्याला हव्या असलेल्या खेळाडूंची यादी लीगकडे पाठवी. यादीत नाव आले की त्या खेळाडूला लीगच्या दुसऱ्या कोणत्याही क्लबकडून खेळता येत नसे; त्याचा करार संपलेला असो, क्लबने त्याला वेतन देणे थांबवलेले असो. एकाच संघाशी इमान! पिंजऱ्याचे दार लावून घ्यायचे आणि पोपट उडून जात नाही म्हणून त्याची निष्ठा वाखाणायची, असाच हा प्रकार.

आणि बैलबाजार? फेब्रुवारी १९०५ मध्ये संडरलंडने आल्फ कॉमन नावाचा खेळाडू मिडल्सब्रोला विकला तो १,००० पौंडांना. चार अंकी किमतीचा हा पहिला व्यवहार. त्या काळी त्याचा फार गवगवा झाला. त्या हजार पौंडांच्या खेळाडूचे साप्ताहिक वेतन कायद्याने चारच पौंड. तेव्हा बाजार आज भरू लागला आहे असे नाही. तो तेव्हाच भरलेला होता. आज निदान बैलाला आपल्या किमतीतला वाटा मिळतो.

या व्यवस्थेत ज्याचे आयुष्य गेले, त्या एका माणसाची हकिकत येथे सांगतो. चार्ली रॉबर्ट्स हा १८८३ साली डार्लिंग्टनच्या राइझ कार या लोखंडी कारखान्यांच्या वस्तीत जन्मला. बिशप ऑकलंड, मग ग्रिम्सबी टाउन, आणि १९०४ च्या एप्रिलपासून मँचेस्टर युनायटेड, असा त्याचा प्रवास. युनायटेड तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. दोन वर्षांपूर्वीच दिवाळे निघण्याच्या बेतात असलेला न्यूटन हीथ हा क्लब जॉन हेन्री डेव्हिस या दारूभट्टीच्या मालकाने सावरून त्याचे नामांतर केले होते. रॉबर्ट्स सेंटर हाफ खेळे. आजच्या वाचकाला या शब्दाने बचावपटू आठवेल. पण तेव्हाचा सेंटर हाफ हा मैदानाच्या मध्यभागी राहून चढाई आणि बचाव या दोहोंची सूत्रे हलवणारा गडी असे. अंगाने फिकट, पायांनी विलक्षण चपळ. लोक त्याला ‘बूट घातलेले भूत’ म्हणत. लवकरच तो कर्णधार झाला. त्याच्या नेतृत्वाखाली संघ १९०६ साली पहिल्या श्रेणीत गेला, १९०८ साली प्रथमच लीगविजेता झाला, १९०९ साली एफ.ए. कप जिंकला आणि १९११ साली पुन्हा लीग जिंकली. क्लबकडून तो ३०० हून अधिक सामने खेळला.

इंग्लंडकडून किती? तीन. तिन्ही १९०५ सालचे. आयर्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड यांच्याविरुद्ध. त्यानंतर एकही नाही.

या आकड्याकडे मी पुढे येतोच. त्याआधी एप्रिल १९०७ मधील एक घटना. युनायटेडच्याच टॉमी ब्लॅकस्टॉक या तरुण खेळाडूने दुय्यम संघाच्या सामन्यात चेंडू डोक्याने मारला, तो कोसळला आणि मरण पावला. चौकशीत निष्कर्ष निघाला : नैसर्गिक मृत्यू. घरच्यांच्या हाती भरपाई म्हणून काही पडले नाही. त्याच वर्षाच्या आरंभी आणखी एक गोष्ट घडली होती. शेजारच्या मँचेस्टर सिटीने वेतनमर्यादा ओलांडून खेळाडूंना पैसे दिल्याचे १९०६ मध्ये उघडकीस आले होते आणि १७ खेळाडूंवर १ जानेवारी १९०७ पर्यंत बंदी घातली गेली होती. ती उठताच बिली मेरेडिथ हा वेल्श, एके काळचा खाणकामगार, आणि त्याचे काही सहकारी युनायटेडमध्ये दाखल झाले. वेतनमर्यादेने पोळलेले लोक आणि एका सोबत्याच्या मृत्यूने हादरलेले लोक एकाच संघात आले. २ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात मेरेडिथच्या अध्यक्षतेखाली खेळाडूंची संघटना स्थापन झाली. १८९८ ची आधीची संघटना विरून गेली होती; ही मात्र टिकली. आज ती वेगळ्या नावाने चालू आहे आणि व्यावसायिक खेळाडूंच्या जगातील सर्वांत जुन्या संघटनांत तिची गणना होते. रॉबर्ट्स तिच्या पहिल्या आधारस्तंभांपैकी होता.

मागण्या काय होत्या? चार पौंडांची मर्यादा उठवा, करार संपल्यावर मोकळे करा, आणि दुखापतीची भरपाई द्या. त्यासाठी १९०६ चा कामगार भरपाई कायदा आम्हालाही लागू आहे, असे त्यांचे म्हणणे होते. असोसिएशनला सर्वांत झोंबले ते संघटनेने सर्वसाधारण कामगार संघटनांच्या महासंघाशी नाते जोडायचे ठरवले तेव्हा. फुटबॉलपटूंनी गिरणी-खाणीतल्या मजुरांच्या पंक्तीला बसायचे! १९०९ च्या उन्हाळ्यात हुकूम निघाला की, १ जुलैपर्यंत खेळाडूंनी संघटनेचा राजीनामा द्यावा, न दिल्यास त्यांची नोंदणी रद्द होईल. नोंदणी रद्द म्हणजे उपजीविका रद्द.

एकामागून एक संघांचे खेळाडू राजीनामे देऊ लागले. मी त्यांना दोष देत नाही. घरी मुले-बाळे असलेल्या माणसाच्या हातातला राजीनामा मी पुष्कळ वेळा पाहिला आहे. युनायटेडचे खेळाडू मात्र अडून बसले. एप्रिलमध्ये लाखाला पोचेल अशा गर्दीला साजेशा क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर कप उंचावणारे हे लोक जुलैत निलंबित आणि विनावेतन होते. क्लबचे मैदान बंद झाले म्हणून ते फॅलोफील्ड येथे दुसऱ्या मैदानावर सराव करू लागले. एव्हर्टनचा टिम कोलमन त्यांना येऊन मिळाला. वेतन मागायला गेलेल्या खेळाडूंनी क्लबच्या कचेरीतील भिंतीवरच्या तसबिरी आणि आरसाच उचलून नेला व रॉबर्ट्सने समजूत घालून ते सामान परत करवले, असा किस्सा सांगतात. मला त्यात या माणसाचा खरा स्वभाव दिसतो. तो बंडखोर नव्हता. हिशेबाला चोख असा फोरमन होता.

त्या दिवसांतले एक छायाचित्र आहे. खेळाडू दाटीने बसले-उभे आहेत आणि पुढे रॉबर्ट्सच्या हाती एक पाटी : ‘बहिष्कृत फुटबॉल क्लब, १९०९’. आपल्याकडे ‘बहिष्कृत’ हा शब्द ज्या धगीने येतो, ती त्या पाटीत नाही. ती चेष्टेने लिहिली आहे. परंतु तिच्या मागची टांगती तलवार चेष्टेची नव्हती. ऑगस्टच्या अखेरीस इतर संघांतील खेळाडूही पुन्हा संघटनेकडे वळू लागले, नवा हंगाम तोंडावर आला, आणि ३१ ऑगस्टला असोसिएशनने संघटनेला मान्यता देऊन बंदी उठवली. मोबदल्यात संघटनेला महासंघाचे नाते सोडावे लागले. चार पौंडांची मर्यादा जागच्या जागी राहिली. समेटाच्या माझ्या भाषेत सांगायचे तर कामगारांना संघटना मिळाली, मागण्या नस्तीत राहिल्या.

आता त्या तीन सामन्यांकडे. संघटना केली म्हणून रॉबर्ट्सला इंग्लंडच्या संघातून कायमचे डावलले, असे सर्रास लिहिले जाते. मी दप्तरी माणूस. मला तारखा जुळवायची खोड आहे. संघटना डिसेंबर १९०७ ची. मग १९०६ आणि १९०७ या दोन वसंतांत तो का नव्हता? दुसरे कारण पुढे केले जाते ते त्याच्या आखूड चड्डीचे. खेळाडूंचे गुडघे झाकलेले असावेत, असा दंडक असोसिएशनने १९०४ साली घातला होता आणि रॉबर्ट्स तो खुशाल मोडी. (गुडघ्यांवरून माणसाची लायकी ठरवणारे वरिष्ठ मलाही भेटले आहेत, फक्त आमच्याकडे तो प्रश्न सदऱ्याच्या बाह्यांचा असे.) शिवाय ब्रिस्टल सिटीचा बिली वेडलॉक हा दुसरा सेंटर हाफ होता. तो १९०७ ते १९१४ या काळात इंग्लंडकडून २६ वेळा खेळला आणि तो खरोखर उत्तम खेळाडू होता, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. २४ एप्रिल १९०९ च्या कप-अंतिम सामन्यात हे दोघे समोरासमोर होते. सँडी टर्नबुलच्या एकुलत्या एका गोलावर रॉबर्ट्सचा संघ जिंकला.

तेव्हा केवळ सूडबुद्धीने डावलले, असे मी ठामपणे म्हणणार नाही. परंतु शाबितीचा भार कुठल्या तरी टप्प्यावर दुसऱ्या पक्षावर जातो, हे न्यायतत्त्व आहे. दोनदा लीग आणि एकदा कप जिंकणाऱ्या संघाचा मध्यवर्ती गडी आणि कर्णधार सहा वर्षांत एकाही सामन्यात, वेडलॉकच्या एखाद्या आजारपणातही, निवडसमितीला लायक वाटत नसेल, तर स्पष्टीकरण समितीने द्यायचे आहे, त्याने नव्हे. आणि क्रीडाकोशात ‘इंग्लंड : ३ सामने’ एवढीच नोंद करून हा माणूस दुय्यम होता असे सुचवणारे लेखक त्या समितीचे कारकून आहेत, यापलीकडे त्यांचे वर्णन मला करता येत नाही.

एक आक्षेप मला दिसतो आणि तो फुसका नाही. चार पौंड ही त्या काळी कुशल कारागिराच्या कमाईहून बरीच मोठी रक्कम होती. मग रड कशाची? शिवाय मर्यादा नसती तर धनाढ्य क्लबांनी सारे चांगले खेळाडू गोळा केले असते आणि लहान गावांचे संघ बुडाले असते. हा दुसरा युक्तिवाद मला अर्धा पटतो. पुढची शंभर वर्षे पाहता त्यात तथ्य नव्हते असे कोण म्हणेल? क्लबांचा लाभांशही ५ टक्क्यांवर बांधलेला होता आणि संचालक मानधन घेत नसत, हेही त्या बाजूने मांडता येईल. पण मग पैसा गेला कुठे, याचे उत्तर १९ फेब्रुवारी १९१० रोजी मिळाले. त्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्ड हे नवे मैदान खुले झाले. खर्च सुमारे ६०,००० पौंड. ज्यांच्या खेळासाठी लोक तेथे लोटत, त्यांतील सर्वश्रेष्ठालाही आठवड्याचे चार पौंड, आणि पुष्कळांना तेवढेही नाहीत. माझा प्रश्न रकमेचा नाही. रक्कम ठरवण्याच्या खोलीत खेळाडूला खुर्ची नव्हती, हा माझा मुद्दा आहे. आणि दहा-बारा वर्षांत गुडघे निकामी झाले की पुढच्या तीस वर्षांचे काय, हा दुसरा.

या दुसऱ्या मुद्द्यावर इंग्लंडच्या अपील न्यायालयाने वॉकर विरुद्ध क्रिस्टल पॅलेस या प्रकरणात दिलेला निर्णय १९१० च्या निर्णयसंग्रहात आहे. वॉकर हा व्यावसायिक खेळाडू गुडघ्याने अधू झाला. क्लब म्हणाला, हा कामगार नव्हेच; हा खेळतो. न्यायालयाने उत्तर दिले त्याचा आशय असा की, हौशी माणसाला तो खेळ असेल. ज्याचे पोट त्यावर चालते त्याला ते काम आहे. भरपाई मंजूर झाली.

हा निर्णय मी निवृत्तीनंतर वाचला, आणि वाचून पुस्तक मिटून ठेवले. त्याचे कारण सांगतो. १९८९ साली मी एका जिल्ह्यात नवखा श्रम पदाधिकारी होतो. तेथील छावणी भागातल्या एका क्लबाचा टेनिस-मार्कर माझ्याकडे अर्ज घेऊन आला. वीसएक वर्षे तो सभासदांशी खेळत होता, त्यांच्या मुलांना रॅकेट धरायला शिकवत होता, कोर्टावर चुन्याच्या रेघा मारत होता. गुडघा गेला आणि क्लबने त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. समेट कार्यवाहीत क्लबचे मानद सचिव हसून म्हणाले, “साहेब, हा दिवसभर टेनिस खेळतो. याला काम म्हणायचे तर आम्ही सर्वच कामगार!” मीही हसलो. क्लब हाही उद्योग असू शकतो, हे १९७८ च्या बेंगळुरू पाणीपुरवठा प्रकरणानंतर मला ठाऊक होते, म्हणून त्या बाजूने मला सुटका नव्हती. पण गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात शिक्षक हा औद्योगिक विवाद अधिनियमाच्या व्याख्येतील ‘कामगार’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच म्हटले होते, आणि तो निर्णय माझ्या टेबलावर ताजा होता. शिक्षक नव्हे, तर खेळ शिकवणारा तरी कसा, असा तर्क मी लढवला. चुन्याच्या रेघा आणि ओढायचे जाळे मी विसरलो. समेट असफल झाल्याच्या अहवालात मत नोंदवले, शासनाने प्रकरण न्यायालयाकडे पाठवण्यास नकार दिला, आणि नस्ती बंद झाली. खाली सही माझी आहे.

आपला १९२३ चा कामगार भरपाई कायदा इंग्रजी कायद्याच्याच कुशीतला. वॉकरचा निर्णय तेव्हा ऐंशी वर्षांचा होता. जिल्हा न्यायालयाच्या ग्रंथालयात तो शोधता आला असता. मी शोधला नाही, कारण मला शोधावासा वाटला नाही. खेळणारा माणूस काम करीत नाही, हे मी त्या दिवशी व्याख्यानातल्या श्रोत्यांइतकेच गृहीत धरून बसलो होतो. तो मार्कर नंतर एकदा कचेरीत आला होता. कागदाची नक्कल हवी होती. जाताना म्हणाला, “साहेब, मी वीस वर्षे साहेब लोकांकडून हरत आलो. नीट हरणे फार मेहनतीचे असते.”

रॉबर्ट्सचे पुढले आयुष्य थोडक्यात. १९१३ साली युनायटेडने त्याला १,५०० पौंडांना ओल्डहॅम ॲथलेटिकला विकले. किंमत पुन्हा क्लबाची. तेथे त्याच्या नेतृत्वाखाली तो लहानसा संघ १९१४-१५ मध्ये लीगविजेतेपदापासून एका गुणाने दूर राहिला. युद्धानंतर तो काही काळ संघटनेचा अध्यक्ष होता आणि ओल्डहॅमचा व्यवस्थापकही. पण कडेला बसून सामना पाहण्याचा ताण सोसवेना म्हणून त्याने ते पद सोडले. मँचेस्टरमधला तंबाखूचा व्यापार मात्र त्याने नेटाने वाढवला. आपल्या हाफ-बॅक फळीतल्या डकवर्थ, रॉबर्ट्स आणि बेल या तिघांच्या नावांतली अक्षरे जोडून ‘डुक्रोबेल’ नावाची सिगारेटही त्याने काढली. संचालकांनी जे दिले नाही ते दुकानाने दिले. इकडे विद्यार्थिदशेत इंग्लंडमध्ये असताना त्याचा खेळ पाहिलेला व्हित्तोरियो पोत्सो हा इटालियन तरुण पुढे आपल्या देशाचा प्रशिक्षक झाला. त्याच्या संघांनी १९३४ आणि १९३८ साली विश्वचषक जिंकला, आणि आपल्या सेंटर हाफचा आदर्श रॉबर्ट्स असल्याचे तो सांगे. इंग्लंडच्या निवडसमितीला जो तीनदाच दिसला, तो ट्यूरिनच्या मुलाला नीट दिसला होता.

ऑगस्ट १९३९ मध्ये रॉबर्ट्स वारला तेव्हा हंगामातली वेतनमर्यादा आठ पौंड होती. १९२० साली ती नऊ झाली होती, १९२२ साली एक पौंडाने उतरवली. ती उठली जानेवारी १९६१ मध्ये, संपाच्या धमकीनंतर, तेव्हा वीस पौंडांवर होती. राखून ठेवण्याच्या पद्धतीला न्यायालयाने अयोग्य व्यवसायबंधन ठरवले ते १९६३ साली, जॉर्ज ईस्टहॅमच्या दाव्यात. तोवर दोन-तीन पिढ्यांचे इमान वसूल झाले होते.

व्याख्यात्यांविषयी मला आदर आहे आणि त्यांनी पुन्हा बोलावे अशी माझी इच्छा आहे. मंडळाच्या पुढील बैठकीत मी ते १९०९ चे छायाचित्र मोठे करून आणणार आहे. चार पौंडांवरचे समाधान त्यातल्या कोणत्या चेहऱ्यावर दिसते, ते त्यांनी आम्हा श्रोत्यांना बोट ठेवून दाखवावे.